खालच्या मजल्यावरचा प्रिंटर

"'सगळ्यांना' असं कधी शेअर करू नकोस, बये. नावं घालून कर," मैत्रिणीने तिला बजावलं होतं. "'सगळे' म्हणजे नक्की कोण, हे त्या कॉम्प्युटरला माहीत नसतं आणि तुला तर नसतंच नसतं."

तेव्हा ती हसली होती. आठवा महिना लागलेला, पाय सुजलेले, लॅपटॉप मांडीवर मावेना म्हणून उशीवर ठेवलेला. "घरचीच तर माणसं आहेत गं," ती म्हणाली होती, "त्यांच्यापासून काय लपवायचंय मला?" आणि फोल्डर शेअर करायच्या चौकटीत 'सगळे' या शब्दापुढे खूण करून मोकळी झाली होती.

ही मैत्रीण हॉस्टेलमधली. अख्ख्या मजल्यावरच्या पोरींचे रुसलेले कॉम्प्युटर तीच मनवायची, म्हणून तिचं नाव 'वायरमन' पडलं. पुढे ती एका मोठ्या कंपनीत नेटवर्क सांभाळायला लागली, तरी नाव काही सुटलं नाही.

आता गोष्ट कळायला आधी घर कळायला हवं. घर दोन मजली. वर ती, नवरा आणि रांगायला लागलेली ढमी. खाली सासूबाई आणि नवऱ्याची थोरली बहीण. तिला सगळेच ताई म्हणत. मधे एक जिना, आणि दिवसा दोन्ही दारांना कडी नसे. राउटर वर, प्रिंटर खाली. प्रिंटर जुन्या पद्धतीचा, ताईंच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला वायरने जोडलेला. तो नेटवर्कवर शेअर केलेला असल्यामुळे वर बसून बटण दाबायचं आणि खाली जाऊन कागद उचलायचे, अशी सोय होती. पाळण्यावर लावलेला कॅमेरा जे टिपायचा तेही ताईंच्याच कॉम्प्युटरमध्ये साठायचं, कारण जागा तेवढी त्याच्यातच होती.

कॅमेरा तिचाच हट्ट. स्वभावच काळजीचा. ढमीने दूध प्यायलं की ढेकर येईपर्यंत हिचा जीव टांगणीला. ढमी झोपली की ही तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास लागतो का बघणार, दोन पावलं मागे येणार आणि पुन्हा जाऊन बघणार. "तू तिला झोपवतेस की तिची परीक्षा घेतेस?" नवरा चेष्टेने म्हणायचा. स्वयंपाक करताना दिसावी म्हणून तिने कॅमेरा लावून घेतला आणि फोनवर ढमीला बघत भाजी चिरायला लागली. भाजी चिरायची राहून बोटच चिरलं जायचं, ते वेगळं.

मधे एकदा ताईंनी विषय काढला होता. "ढमीला थोडे दिवस खालीच ठेवू या. मी बघेन तिचं सगळं. तुझे डोळे बघ कसे खोल गेलेत."

ताईंना मूल नव्हतं. ढमीला घेताना त्यांचे हात कसे होतात हे तिने पाहिलं होतं, आणि त्याबद्दल तिला वाईटही वाटे. पण पोरगी आपल्याजवळून हलवायची हा नुसता विचारही तिला सोसेना. "नको ताई," ती म्हणाली, "तेवढं नको."

रात्री नवऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. "तू नको म्हणालीस ना, विषय संपला. तुला न विचारता ढमीच्या बाबतीत काहीही होणार नाही. माझा शब्द आहे."

त्या शब्दावर ती टिकून होती.

त्या दिवशी ताई सासूबाईंना डोळे दाखवायला घेऊन गेल्या होत्या. नवरा ऑफिसला. बाळंतपणानंतरचं पहिलं काम तिच्या हातात आलं होतं: शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला एक धडा तपासायचा होता, श्वसनसंस्थेचा. पडद्यावर चुका तिला दिसत नाहीत. कागदावर आल्या की आपण होऊन हात वर करतात, असं ती म्हणायची. संध्याकाळपर्यंत धडा परत पाठवायचा होता. ढमी डब्यांची झाकणं आपटत बसली होती, तेवढ्यात तिने छापायचं बटण दाबलं.

प्रिंटर ऑफलाइन.

पुन्हा दाबलं. मग रागाने बरेच वेळा दाबलं, जसं काही लिफ्टचं बटण आहे. मग नवऱ्याला फोन केला.

"मीटिंगमध्ये आहे गं. संध्याकाळी आलो की बघतो."

"संध्याकाळी पाठवायचंय मला. सांग ना काय करू, मी करते."

"नको, तू त्यात हात घालू नकोस," तो जरा घाईने म्हणाला, "काहीतरी भलतंच करून ठेवशील."

हा टोमणा तिला लागला. लॅपटॉपमधलं तिलाही कळत होतं. तिने वायरमनला फोन लावला.

"बोला वहिनीसाहेब! पोरीने राउटर खाल्ला का?"

"प्रिंटर ऑफलाइन म्हणतोय."

"सगळेच तसं म्हणतात. मी पण रविवारी ऑफलाइनच असते. खालचा कॉम्प्युटर चालू आहे का?"

"चालूच असतो, कॅमेऱ्यासाठी."

"तुझा लॅपटॉप घरच्याच वायफायवर आहे ना? शेजाऱ्याचं ओढत नाहीस ना फुकटात?"

"आहे घरच्याच."

"आता सेटिंगमध्ये बघ, हे नेटवर्क 'पब्लिक' दाखवतंय की 'प्रायव्हेट'? पब्लिक असेल तर लॅपटॉपला वाटतं आपण स्टेशनवर बसलोय, आणि तो तोंड लपवतो."

"प्रायव्हेट आहे. फाइल आणि प्रिंटर शेअरिंग पण चालू आहे."

"हुशार. आता नेटवर्कमध्ये जाऊन ताईंचा कॉम्प्युटर उघड."

तिने उघडला. एक छोटी चौकट समोर आली. नाव सांगा, पासवर्ड सांगा.

"पासवर्ड मागतोय."

"आधी मागायचा?"

"कधीच नाही."

"मग तिकडे कुणीतरी 'पासवर्ड दिला तरच शेअरिंग' असं चालू केलंय," वायरमन म्हणाली. " कधी कधी अपडेट झाल्यावर काहीबाही बदलतं, ते असेल. पण हे कुलूप फाइलींना वेगळं आणि प्रिंटरला वेगळं नसतं, एकच असतं. फाइलींना लावायला जावं तर प्रिंटरही आत अडकतो. खाली जाऊन बघ."

ढमीला कडेवर घेऊन ती खाली गेली. ताईंची खोली नेहमीसारखी चकचकीत. टेबलावर प्रिंटर, त्यावर विणलेलं झाकण, शेजारी ढमीचा फोटो. मॉनिटर काळा होता. माऊस हलवला तर ताईंच्या नावाने सगळं उघडंच होतं. ताई कधी बंद करत नसत, 'घरात कोण चोर आहे?' म्हणायच्या.

फोन तिने स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. वायरमन सांगत गेली, ती एकेक खिडकी उघडत गेली. पासवर्डचं ते बटण चालू होतं. तिने बंद केलं.

"झालं! आता वर जा आणि छाप," वायरमन म्हणाली. "जाता जाता एक बघ. काय काय शेअर झालंय त्याची यादी उघड. असलं कुलूप कुणी उगीच लावत नाही."

यादीत प्रिंटर होता. कॅमेऱ्याचा फोल्डर होता. आणि एक तिसरा होता, तो तिने बनवलेला नव्हता. त्याचं नाव 'ढमीसाठी'.

"कुणाला परवानगी आहे ते बघ," वायरमन म्हणाली.

"'सगळे' काढून टाकलंय. दोन नावं आहेत." तिने ती वाचली. एक नवऱ्याचं, दुसरं ताईंचं.

"आणि तुझं?"

"नाहीये."

"उघड," वायरमन म्हणाली. मग तिलाच काहीतरी जाणवलं असावं. "किंवा नको उघडू. नवरा आला की—"

तिने उघडला. ताईंच्या नावाने कॉम्प्युटर चालू होता म्हणून तो उघडला. स्वतःच्या लॅपटॉपवरून तो तिला जन्मात उघडला नसता.

आत कॅमेऱ्यातले तुकडे होते, कापून, निवडून ठेवलेले. नावं नवऱ्याने दिलेली. त्याची तऱ्हा तिच्या ओळखीची होती, दोन शब्दांमध्ये रेघ मारायची त्याला सवय. 'रडणं'. 'रडणं-पुन्हा'. 'श्वास-तपासणं'. 'ओरडली'.

'श्वास-तपासणं'मध्ये ती पाळण्याशी वाकते, बोट धरते, मागे येते, पुन्हा वाकते. पुढे करून बघितलं तरी वाकतेच आहे. 'रडणं'मध्ये ती जमिनीवर बसली आहे, पाठ पाळण्याला टेकलेली, आणि तोंडात ढमीचं दुपटं कोंबून रडते आहे, आवाज होऊन ढमी उठू नये म्हणून. 'ओरडली'मध्ये ढमी किंचाळते आहे आणि ती ओरडते, "गप बस ना गं, गप बस एकदाची!" मग तिने ढमीला उचलून छातीशी धरलं होतं आणि "चुकलं, चुकलं" म्हणत ती खोलीभर फिरली होती. तो तुकडा मात्र 'गप बस'वरच संपवलेला होता. पुढचं तिचं तिला आठवत होतं. माफी मागितलेली कापून टाकली होती.

कडेवरच्या ढमीने पडद्यावरच्या आईकडे बोट दाखवलं आणि आनंदाने "आ!" केलं.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात तसं काही झालं नाही. उलट सगळं जागच्या जागी आलं. ताईंचं मधूनच "काल नीट झोप झाली का गं?" असं विचारणं, आणि उत्तर येण्याआधीच मान हलवणं. नवऱ्याचं "तू त्यात हात घालू नकोस." खोल गेलेले डोळे. केसाने गळा कापतात म्हणजे काय, हे तिने शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिलं होतं. वाक्य कोणतं होतं ते काही आठवेना.

"आहेस का?" फोनमधून वायरमनचा आवाज आला. "काय आहे त्यात?"

"मी आहे," ती म्हणाली.

तिने सगळं सांगितलं, भाजी निवडावी तसं एकेक करून. वायरमनने मधे एकही विनोद केला नाही. शेवटी म्हणाली, "मी फोन ठेवत नाही. तू बोलू नकोस हवं तर. मी इथेच आहे."

तशीच ती बसून राहिली असताना दार लोटलं गेलं. सासूबाई डोळ्यांत थेंब घातल्यामुळे भिंत चाचपत आत आल्या, मागून ताई. पडद्यावर काय आहे ते ताईंना दारातूनच दिसलं. त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली.

"तू इथे?"

"प्रिंटर बंद होता ताई. कुणीतरी कुलूप लावलं होतं. मी काढलं."

"अगं, आम्ही काळजीपोटीच..." ताई म्हणाल्या. "तूच सांग, तुला विचारलं असतं तर सांगितलं असतंस? तू 'बरी आहे, बरी आहे'चाच जप करतेस."

"कशासाठी जमवलंत हे?"

ताईंनी उत्तर द्यायच्या ऐवजी भावाला फोन लावला. तो तासाभरात आला. मीटिंग कुठे गेली कोण जाणे. आल्या आल्या त्याने आधी पडदा पाहिला, मग तिला. त्याच्या चेहऱ्यावर शरम नव्हती, पकडलं गेल्याची चिडचिड होती. ती जाऊन शरम यायला थोडा वेळ लागला.

"हे बघ, शांतपणे ऐक," तो म्हणाला.

"मी ओरडले का?"

"डॉक्टरांना दाखवायचं होतं. त्यांनी सांगितलं असतं की ढमीला काही दिवस ताईकडे ठेवा, म्हणजे तू ऐकलं असतंस. आमचं ऐकत नाहीस ना."

"डॉक्टरांची वेळ घेतलीस?"

"रविवारची."

"कुणासाठी?"

"आधी आम्ही दोघं जाणार होतो."

"म्हणजे माझा आजार, आणि मी सोडून सगळे जाणार. तू शब्द दिला होतास."

"तुला न विचारता करणार नाही म्हणालो होतो. विचारणारच होतो, डॉक्टरांना भेटून झाल्यावर."

"ठरवून झाल्यावर विचारतात, त्याला कळवणं म्हणतात."

याच क्षणी टेबलावरच्या प्रिंटरला जाग आली. घरघर करून त्याने विणलेलं झाकण अंगावरून ढकललं आणि कागद सोडायला लागला. कुलूप निघालं होतं आणि वरच्या लॅपटॉपमध्ये तुंबलेलं सगळं आता खाली येत होतं. फुप्फुसांची आकृती. पुन्हा फुप्फुसांची आकृती. तिने जितक्या वेळा बटण दाबलं होतं तितक्या वेळा तोच धडा. कुणाला काही बोलता येईना, इतका त्याचा आवाज. ढमी मात्र टाळ्या पिटत होती. नवरा बंद करायला पुढे झाला तशी ती म्हणाली, "राहू दे. माझं काम आहे ते."

कागद संपल्यावर प्रिंटर थांबला. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. थेंबांमुळे त्यांना धड काही दिसत नव्हतं.

"काय आहे त्या पडद्यावर? मला कुणी सांगेल का?"

तिनेच सांगितलं. "मी रडते ते आहे, आई. दिवसा, वर. हे दोघं इथे बसून बघायचे."

"ती रडत होती," सासूबाई हळूच म्हणाल्या, "आणि मला तुम्ही सांगत होतात की ती झोपलीय, जिना चढू नकोस?"

"आई, तुझे गुडघे—" ताई म्हणाल्या.

"गुडघे माझे आहेत. त्यांचं मी बघेन."

तेव्हा तिला नेमकं काय खुपत होतं ते कळलं. चोरून पाहिलं, हे होतंच. शब्द मोडला, हेही होतं. पण त्याच्याही खाली आणखी एक होतं. ती ताईंकडे वळली.

"ज्या दिवशी मी दुपटं तोंडात धरून बसले होते, त्या दिवशी तुम्ही इथेच होतात ना? या खुर्चीत?"

ताईंनी मान डोलावली.

"मला दिसत होतं की तुम्हाला सगळं दिसत होतं, आता दिसतंय," ती म्हणाली. बोलता बोलता वाक्य कसंतरीच झालं, पण तिने ते तसंच राहू दिलं. "तुमच्या छतावर मी बसले होते ताई. एवढासा जिना. पाहिलंत, कापलंत, नाव देऊन जपून ठेवलंत. वर का नाही आलात?"

ताई रडायला लागल्या. "मला वाटलं, तू मला ढमीजवळ येऊ देणार नाहीस."

"आणि तू?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मला... काय बोलायचं ते कळत नव्हतं."

"काही बोलायला कोण सांगत होतं?"

कुंपणाने शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची? ती उठली. कागदांतला एक धडा निवडून घेतला, ढमीला कडेवर सावरलं. ढमी तिच्याजवळच राहणार हे तिने सांगितलं. रविवारी डॉक्टरांकडे ती स्वतः जाणार आणि सोबत कोण येणार ते ती ठरवणार, हेही सांगितलं. "मला बरं नाहीये," ती म्हणाली, आणि हे आपण पहिल्यांदाच मोठ्याने म्हणतोय हे तिच्या लक्षात आलं. "ते मला कळतं. पण बरं नसलेली आई म्हणजे आई नसलेली पोर नव्हे."

फोनमधून आवाज आला, "रविवारी मी येतेय." वायरमनने खरंच फोन ठेवला नव्हता. नवऱ्याने दचकून टेबलाकडे पाहिलं. सगळं कुणीतरी ऐकत होतं, हे त्याला फार लागलं. लागू दे, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याचं वाईटही वाटलं नाही.

ती वर आली. कॅमेऱ्याची वायर ओढून काढली. मग खुर्ची पाळण्याजवळ घेऊन धडा तपासायला बसली. कागदावर चुका दिसत होत्या. जिन्यावर पावलं वाजायला लागली, जड, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकणारी, मधे थांबून धाप टाकणारी. सासूबाई आत आल्या. काही विचारलं नाही, काही समजावलं नाही. चाचपत पलंगावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तू लिही. पोरगी झोपली तर श्वास मी बघते. मला दिसत नाहीये, पण बोटाला कळतं."

नवऱ्याशी पुढे काय झालं, असं लोक विचारतात. डॉक्टरांनी औषध दिलं, झोप लागायला लागली, ढमी उभी राहायला शिकली. नवरा वरच राहतो, विचारून विचारून वागतो, आणि तिला अजून त्याच्या 'माझा शब्द आहे'ची भीती वाटते. ताई रोज वर येतात. दार वाजवून येतात. त्यांना ढमी देताना तिचे हात अजून एक क्षण उशिरा सुटतात.

पण तिला सांगायचंय ते हे नव्हे. ती तुम्हाला विचारतेय, हे वाचणाऱ्या तुम्हालाच: तुमच्या वरच्या मजल्यावर, समोरच्या दारामागे, किंवा तुमच्याच घरातल्या आतल्या खोलीत कुणी तान्ह्या बाळाची आई आहे का? 'बरी आहे' म्हणते ना ती? हे पान खाली ठेवा आणि तिच्याकडे जाऊन या. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी चालेल. तिच्याजवळ बसा.